पेटंटची तारीख आणि आपलं सबमिशन

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या आधी घाम येतो. तरी मराठी विभागासाठी लिहायचं कबूल केलं, कारण जे सांगायचं आहे ते माझ्या आजोबांनाही वाचता आलं पाहिजे. या गोष्टीत त्यांचा वाटा आहे. डिक्शनरीत पेटंटला ‘एकस्व’ असा शब्द सापडला. आजोबांना तो वाचून दाखवला, तर ते म्हणाले, ‘त्यापेक्षा पेटंटच बरं.’ म्हणून या लेखात पेटंटच.

मी माहीमची. मुंबईचं नाही, पालघरचं माहीम, केळव्याच्या शेजारचं. (हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. पेटंटच्या फॉर्मवर पत्ता लिहितानासुद्धा ‘तालुका पालघर’ दोनदा लिहिलं!) आमची तिथे छोटीशी वाडी आहे. थोडी पानवेल, थोडे नारळ, केळी आणि एक विहीर. समुद्र जवळ असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यात पंप जरा जास्त चालला की विहिरीला खारं पाणी लागतं. आजोबा सकाळी पंप सुरू केला की पहिलं पाणी जिभेवर ठेवून बघतात. खारट लागलं की पंप बंद. पण लाइट रात्री दोनला आली तर जीभ घेऊन विहिरीवर कोण जाणार?

यावरून आम्हा तिघींना मिनी-प्रोजेक्ट सुचला. पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज जास्त सहज वाहते, हे आपण फर्स्ट इयरला शिकतो. विहिरीत दोन इलेक्ट्रोड सोडायचे, रीडिंग ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की रिले पडतो आणि पंपाचा स्टार्टर बंद होतो. खर्च फार नाही. मागच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आजोबांच्या विहिरीवर लावून बघितला आणि चालला! आजोबांनी त्याचं नाव ‘माझी दुसरी जीभ’ ठेवलं.

आता चूक सांगते. विहिरीवर लावण्याच्या आधीच, २१ फेब्रुवारी २०२५ ला, आम्ही तोच प्रोजेक्ट एका आंतर-कॉलेज प्रदर्शनात मांडला होता. पोस्टर, सर्किट डायग्राम, छापील माहितीपत्रक, सगळं. बक्षीस मिळालं, फोटो निघाले. जून महिन्यात आमच्या गाइड मॅडमनी सहज विचारलं, ‘अगं, फाइल केलंत का?’ मी म्हटलं, ‘हो मॅडम, फाइल चेक झाली, सही पण झाली.’ मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. त्या पेटंटच्या फाइलिंगबद्दल विचारत होत्या.

त्या दिवशी पहिला धडा मिळाला. पेटंटसाठी वस्तू नवी लागते, आणि ती अर्जाच्या तारखेला नवी असावी लागते. त्याआधी ती जगाला दाखवलीत तर ती नवी राहत नाही, मग दाखवणारे तुम्ही स्वतः का असेनात! हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं, पण कायदा तसा आहे.

याच नियमाने आपल्या देशाला फायदाही झाला आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीने जखम बरी करण्यावर एका विद्यापीठाला पेटंट मिळालं होतं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. सीएसआयआरने त्या पेटंटला आव्हान दिलं. पुराव्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक पेपरही होता. १९९७ मध्ये पेटंट ऑफिसने ते दावे रद्द केले. म्हणजे आधी कुठेतरी छापलेलं आहे, हा पेटंटविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा. आमचं छापील माहितीपत्रक हा आमच्याच विरुद्धचा तसाच पुरावा होता.

तुम्ही म्हणाल, काहीतरी सवलत असेल ना? आहे. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे. पण प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं असावं लागतं, किंवा तुम्ही तो पेपर एखाद्या विद्वत्सभेपुढे वाचलेला असावा लागतो. आंतर-कॉलेज प्रदर्शन यात बसणार नाही, असं मॅडमचं स्पष्ट मत पडलं. कलम ३२ मात्र मला आवडलं. शोधाची चाचणी उघड्यावर करण्यावाचून इलाज नसेल, तर अर्जाआधीच्या एका वर्षातल्या अशा वाजवी चाचणीमुळे शोध जुना ठरत नाही. म्हणजे आजोबांच्या विहिरीवरची ट्रायल चालली असती. बक्षीस मिळवून देणारं पोस्टर नडलं. अमेरिकेत शोधकाने स्वतः उघड केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सवलत असते. आमची ती मुदत गेल्या महिन्यात, २१ फेब्रुवारी २०२६ ला संपली. तिथल्या वकिलाची फी ऐकून आम्ही ती शांतपणे संपू दिली.

फायनल इयरवाल्यांनी इथे जरा थांबावं. तुमचं ब्लॅक बुक लायब्ररीत गेलं आणि कोणालाही वाचायला मिळू लागलं की ते प्रकाशित झालं असं धरलं जाऊ शकतं. त्यामुळे बाइंडिंगवाल्याकडे जाण्याआधी अर्ज करा.

असो. आमचं पुढे काय झालं? पहिला प्रोजेक्ट गेला तो गेला. पण प्रदर्शनानंतर आम्ही त्यात एक सुधारणा केली होती, जी पोस्टरवर नव्हती. ती आजोबांच्या एका वाक्यावरून सुचली. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. हे मासिकसुद्धा छापील आहे आणि लायब्ररीत जातं, समजलं ना? त्या सुधारणेवर आम्ही मंगळवारी, ८ जुलै २०२५ ला प्रोव्हिजनल अर्ज केला. आता ही तारीख घेऊनच सगळं गणित शिकूया.

८ जुलैचं गणित

प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता तपशील. शोध पूर्ण तयार नसला तरी त्याचं वर्णन देऊन तारीख पकडता येते. पालघर स्टेशनच्या तिकीट खिडकीवर रांगेत रुमाल ठेवण्यासारखं आहे, फक्त हा रुमाल कायदेशीर आहे. आपल्याकडे जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क आधी. ग्रॅहम बेल आणि एलिशा ग्रे यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. टेलिफोनचे दोघांचे कागद वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात एकाच दिवशी पोचले, १४ फेब्रुवारी १८७६ ला, आणि त्यावरून पुढे वाद चालत राहिला.

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीसाठी १६०० रुपये आहे. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनाही मोठी सवलत मिळाली आणि त्यांचीही फी तेवढीच झाली. म्हणजे तिघींत मिळून एका वीकेंडच्या पिक्चर-पिझ्झाइतका खर्च. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या ऑफिसकडे जातात. ते अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, पण तिथे चक्कर मारायची गरज नसते.

पण एक धोका आहे. प्रोव्हिजनल आहे म्हणून अर्ध्या पानात उरकू नका. पुढे पूर्ण तपशीलात जे दावे कराल त्यांचा आधार प्रोव्हिजनलमध्ये असेल तरच त्यांना ८ जुलै २०२५ ही तारीख मिळते. जे नव्याने घातलं, त्याला नवी तारीख. आमची एक मैत्रीण म्हणाली, ‘आत्ता टायटल आणि दोन ओळी टाकू, बाकी नंतर बघू.’ आपण जर्नलची फक्त इंडेक्स भरून सही मागतो ना, तसंच झालं ते. मॅडमनी आमच्याकडून अकरा पानं लिहून घेतली.

आता पहिली मुदत. प्रोव्हिजनलपासून बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावाच लागतो. आमच्या बाबतीत ८ जुलै २०२६ पर्यंत. नाही दिला तर अर्ज सोडून दिला असं मानतात. परदेशात जायचं असेल तर तीही मुदत तीच, पहिल्या अर्जापासून बारा महिने. ही १८८३ च्या पॅरिस करारातून आलेली आहे आणि भारत त्या करारात ७ डिसेंबर १९९८ पासून आहे. पीसीटी नावाचा दुसरा करार आहे, त्यातही भारत त्याच दिवशी सामील झाला. पीसीटीतून एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करायचा आणि मग एकेका देशात जायला पहिल्या तारखेपासून साधारण तीस महिने मिळतात. भारत एकतीस देतो. आणि हो, एम.एस.ला जायच्या गडबडीत असलेल्यांसाठी एक ओळ. भारतात राहणाऱ्याने थेट परदेशात पहिला अर्ज करायचा नसतो. आधी परवानगी घ्या, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा.

मग मुख्य प्रश्न, म्हणजे आपला हॉस्टेलचा राष्ट्रीय प्रश्न: ‘मॅडम, एक्स्टेन्शन मिळेल का?’

इथे मला एक गोष्ट समजायला महिना लागला, म्हणून जरा सावकाश सांगते. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख चुकली तर काय होतं? लेट फी. तीही चुकली तर आणखी मोठी फी. ऑफिसमधले काका रागावतात, पण फॉर्म घेतात. पण पेपरच्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये नसाल तर? कितीही पैसे द्या, तो पेपर गेला. पेटंटमध्येही मुदती अशा दोन जातींच्या आहेत. काही संसदेने केलेल्या कायद्यातच लिहिलेल्या आहेत, आणि काही कायद्याखाली सरकारने केलेल्या पेटंट नियम, २००३ मध्ये आहेत. नियमातली मुदत म्हणजे फॉर्म. कायद्यातली मुदत म्हणजे पेपर. (कायद्यानेच एखाद्या मुदतीला सूट दिली असेल तर ती वेगळी.)

बारा महिन्यांत पूर्ण तपशील, ही पेपरवाली मुदत. ती कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे आणि नियमांतली कोणतीही लेट फी तिथे पोचत नाही. याउलट नियमांतल्या मुदतींसाठी १५ मार्च २०२४ च्या दुरुस्तीनंतर बरीच मोकळीक झाली. फॉर्म ४ भरून, महिन्याच्या हिशोबाने जबर फी देऊन, सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ किंवा उशिराची माफी मागता येते. द्यायची की नाही हे कंट्रोलरच्या हातात. म्हणून कोणतीही तारीख डायरीत लिहिताना शेजारी ‘का’ किंवा ‘नि’ लिहा. माझ्या डायरीत ‘का’ लाल पेनने आहे.

कलम ९ च्या बारा महिन्यांना एक पळवाट आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. कलम १७ खाली तुम्ही कंट्रोलरला विनंती करू शकता की माझ्या अर्जाची तारीखच पुढे न्या, जास्तीत जास्त सहा महिने. तारीख पुढे गेली की बारा महिनेही पुढे सरकतात. पण तुमची रांगेतली जागाही मागे जाते! मधल्या काळात दुसऱ्या कोणी अर्ज केला असेल किंवा तुम्हीच कुठे पोस्टर लावलं असेल, तर सगळंच मुसळ केरात. आणि ही विनंतीसुद्धा बारा महिने संपायच्या आत करायची, नंतर रडून उपयोग नाही.

समजा मुदत खरंच चुकली, तर जगबुडी होते का? अगदी तशी नाही. पूर्ण तपशील न दिलेला प्रोव्हिजनल अर्ज प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे गुपित शाबूत राहतं आणि पुन्हा नवा अर्ज करता येतो. फक्त तारीख नवी मिळते. मधल्या वर्षात तोंड बंद ठेवलं असेल तरच हा मार्ग. कॉलेजात तोंड बंद ठेवणं किती जमतं हे तुम्हाला माहीत आहे.

पूर्ण तपशील दिल्यानंतर लोकांना वाटतं की सुटलो. खरी गंमत तिथून पुढे आहे. पहिल्या तारखेपासून अठरा महिन्यांनी अर्ज पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. आमचा ८ जानेवारी २०२७ नंतर. घाई असेल तर फॉर्म ९ भरून लवकर प्रसिद्ध करून घेता येतो. पण प्रसिद्ध झाला म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. ‘पेटंट पब्लिश्ड’ असं बायोडेटात लिहिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं! कोणीतरी अर्ज तपासायचा असतो, आणि तो आपोआप तपासला जात नाही. आपण फॉर्म १८ भरून तपासणीची विनंती करायची असते. आधी यासाठी अठ्ठेचाळीस महिने मिळायचे. १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांना एकतीसच महिने आहेत. विनंती नाही केली तर अर्ज मागे घेतला असं मानतात. एकही माणूस तुम्हाला फोन करून आठवण करत नाही.

हे विसरणारे फक्त आपल्यासारखे विद्यार्थी असतात असं नाही. निप्पॉन स्टील ही जपानची प्रचंड मोठी कंपनी. तिच्या एका भारतीय अर्जात तपासणीच्या विनंतीची मुदत चुकली, कारण तारखांची नोंद ठेवण्यात कोणाचीतरी गफलत झाली. कंपनीने युक्ती केली. मुदत जुन्या परदेशी अर्जाच्या तारखेपासून मोजली जात होती, म्हणून ‘आम्ही ती जुनी तारीख सोडतो, आता नंतरच्या तारखेपासून मोजा’ असा दुरुस्ती अर्ज दिला. दिल्ली हायकोर्टाने २०११ मध्ये तो मानला नाही. मुदत संपल्यावर अर्ज मागे घेतलेलाच झाला होता, मग जो अर्ज उरलाच नाही त्यात दुरुस्ती कशी करणार? लॉजिक बघा, आपल्या कोडिंगच्या सरांसारखं आहे, डिलीट केलेल्या व्हेरिएबलला व्हॅल्यू देता येत नाही. त्या वेळी या मुदतीला वाढ मुळीच नव्हती. आज नियम सैल झाला आहे, पण त्या फीचे आकडे बघितले तर पोटात गोळा येईल.

उलट उदाहरण एकच आणि ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कोविडच्या काळात सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ कायदेशीर मुदतींच्या मोजणीतून वगळला. त्यासाठी देश बंद पडावा लागला. आपला वाय-फाय बंद पडणं त्यात येत नाही.

विनंतीनंतर एक्झामिनर पहिला अहवाल पाठवतो. त्यात आक्षेप असतात, आणि असतातच. घाबरायचं नाही, व्हायवा समजायची. उत्तर देऊन अर्ज मंजुरीयोग्य करायला अहवाल पाठवल्यापासून सहा महिने मिळतात, फॉर्म ४ भरून आणखी तीन. मंजुरीनंतर पेटंट वीस वर्षांचं, पण ती वीस वर्षं मोजतात अर्जाच्या तारखेपासून. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ज्या पल्सर उभ्या असतात त्यांचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या बजाजने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचा अर्ज जुलै २००२ मध्ये केला, पेटंट मिळालं जुलै २००५ मध्ये. म्हणजे हिशोबाने वीस वर्षं जुलै २०२२ ला पुरी होतात, २०२५ ला नाही. (त्याच पेटंटवरून टीव्हीएसशी झालेला खटला २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.) शिवाय तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरायची. चुकली तर सहा महिन्यांची सूट. तीही चुकली तर पेटंट संपतं, आणि संपल्यापासून अठरा महिन्यांत ते पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो.

बोईसरच्या एमआयडीसीत जे औषधवाले आहेत त्यांच्याकडे इंटर्नशिप करणाऱ्यांना एक तारीख हमखास ऐकू येईल, १ जानेवारी २००५. त्याआधी आपल्याकडे औषधावर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्या दिवसापासून औषधावरही मिळू लागलं. एका रात्रीत फरक.

२०२८ साली मेल कोण उघडणार?

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आमच्या अर्जाच्या तपासणीची विनंती करायची शेवटची तारीख आहे ८ फेब्रुवारी २०२८. तोपर्यंत आम्ही तिघी पास होऊन बाहेर पडलेल्या असू. एक कदाचित पुण्यात, एक बंगळुरूला, मी कुठे असेन देव जाणे. कॉलेजचा ई-मेल आयडी पास झाल्यावर बंद होतो. पहिला अहवाल तर त्याहीनंतर येणार, आणि तो अर्जात दिलेल्या ई-मेलवर येतो. सहा महिने तो पाठवल्याच्या दिवसापासून मोजतात. तुम्ही मेल कधी उघडलीत याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. एका सीनियरचा अर्ज असाच गेला. अहवाल आला तेव्हा तो दुसऱ्या राज्यात नोकरीला होता आणि अर्जावर कॉलेजचा आयडी होता. त्याला कळलं ते दीड वर्षाने, सहज स्टेटस बघताना. ‘अबॅन्डन्ड’. त्याने मला हे सांगितलं तेव्हा हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

म्हणून आम्ही अर्जावर स्वतःचे, कायमचे ई-मेल दिले, आणि मॅडमचाही. तारखा तिघींच्या मोबाइलमध्ये आहेत. तरीसुद्धा भरवसा नाही म्हणून मी त्या एका कागदावर काढून माहीमला नेल्या. आजोबांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, ‘ही वीस वर्षं कधी संपणार गं पोरी?’ मी म्हटलं, ‘मिळालं तर ८ जुलै २०४५ ला, आजोबा.’ ते काही बोलले नाहीत. उठले आणि यंदाच्या कालनिर्णयावर जुलैच्या पानावर आठ तारखेला पेनाने गोल केला. त्या चौकोनात त्यांनी आधीच मोटरच्या दुरुस्तीचं काहीतरी लिहून ठेवलं होतं.

पूर्ण तपशीलाची सोळा पानं झाली आहेत. चार आकृत्या बाकी आहेत, त्यातली एक मला अजून नीट काढता येत नाहीये. ड्रॉइंगला चांगला हात असलेलं कोणी हॉस्टेलमध्ये असेल तर निरोप द्या. आधी एका कागदावर गुप्ततेची सही घेऊ, मग चहा माझ्याकडून. युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल लागलेलं नाही, पण ८ जुलैला बुधवार आहे आणि मागच्या सेमच्या अनुभवावरून त्याच आठवड्यात व्हायवा असण्याची दाट शक्यता आहे.